पोटाची बाही

डॉक्टर म्हणाले, तुमच्यासाठी स्लीव्ह बरी पडेल, आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "फुल की थ्री-फोर्थ?" तेवीस वर्षं ब्लाउज शिवतेय हो मी, स्लीव्ह म्हटलं की डोळ्यासमोर बाहीच येणार. डॉक्टरांना आधी कळेना, मग कळल्यावर असे हसले की बाहेरची सिस्टर डोकावून गेली, आमचे हे मात्र मान खाली घालून फाईल चाळत बसले. पण खरं सांगते, नाव त्या बाहीवरूनच पडलंय. वजन उतरवायला पोटाची पिशवी उभी कापून बाहीसारखी लांब अरुंद नळी ठेवतात, म्हणून स्लीव्ह.

ऑपरेशन झालं 2023 च्या जानेवारीत. दुकानात माप द्यायला आलेल्या बायका पडद्याआड गेल्या की हळूच विचारतात, "वहिनी, ते पोटाचं ऑपरेशन केलं म्हणे तुम्ही?" आणि मग सुरूच, दुखतं का, खर्च किती आला, परत वाढत नाही ना. एकेकीला सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी काही डॉक्टर नाही, माझं जे झालं ते सांगते, तुमचं वेगळं असू शकतं.

आधी टेपचं सांगते. शिंप्याची टेप 60 इंचाची असते, म्हणजे दीड मीटर. 2018 च्या दिवाळीआधी स्वतःला एक ड्रेस बेतायचा होता, रात्री दुकान बंद केल्यावर सीटचं, म्हणजे कमरेखालचं, माप घ्यायला टेप मागून फिरवून पुढे आणली तर दोन टोकं एकमेकांना भेटेचनात, मधे दोन बोटांचं अंतर राहिलं. पोट आत ओढलं, श्वास धरला, तरी नाही. मग टेप गुंडाळून डब्यात टाकली आणि कापड अंदाजाने कापलं. गिऱ्हाइकाच्या मापात मी अर्धा इंचसुद्धा अंदाजाने धरत नाही बरं का, मुंढा घट्ट झाला तर उसवून परत शिवून देते, फुकट. स्वतःच्या बाबतीत मात्र अंदाज.

माझी उंची 5 फूट 1 इंच आणि तेव्हा वजन 112 किलो.

दुसरी गोष्ट 2019 च्या पुराची. आम्ही सांगलीत गावभागात राहतो, खाली दुकान वर घर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, सांगलीकरांना तो आकडा पाठच आहे, आमच्या दुकानाची पाटी पाण्याखाली आणि आम्ही वरच्या मजल्यावर दोन दिवस. 9 तारखेला बोट आली. आदल्याच दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती आणि ती बातमी सगळ्यांच्या डोक्यात होती. बोटवाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं, बोटीतल्या माणसांकडे बघितलं, आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "काकूंना पुढच्या फेरीला घेऊया, एकट्याच येऊ देत." कुणी काही बोललं नाही. सासूबाई, लेक आणि हे गेले, हे उतरून माझ्याबरोबर थांबायला लागले होते पण सासूबाईंना धरायला कोणीतरी हवंच होतं. मी जिन्याच्या वरून चौथ्या पायरीवर बसले, पाचवी पाण्यात होती. पाऊण तासाने बोट परत आली, मी पाय ठेवल्यावर ती एका बाजूला भसकन कलली, आतल्या जवानाने तोंडातून एक शब्द न काढता माझा दंड घट्ट धरला. ती पकड मला अजून आठवते.

तुम्हाला वाटेल की मग मी लगेच ऑपरेशन केलं असेल. छे. तीनही मशिनं चिखलात, गिऱ्हाइकांच्या साड्या कुजलेल्या, कर्ज काढून दुकान परत उभं केलं तोवर कोरोना. मास्क शिवले, बसून बसून वजन 121 वर गेलं, शुगर निघाली, तीन गोळ्या सुरू झाल्या.

प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नका, ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. लिंबू-मध झालं, जिऱ्याचं पाणी झालं, गावात सगळे दीक्षित डाएट करत होते तेव्हा मीही केलं, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि 55 मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही. नऊ किलो उतरले की माझे! मग लग्नसराईच्या ऑर्डरी आल्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन, आणि माझाच नेम मोडला, त्यात डाएटचा दोष नाही. सहा महिन्यांत नऊचे तेरा होऊन परत आले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही, भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि खर्च कमी करतं, त्याला वाटतं दुष्काळ पडलाय. हे ऐकून मी तिथेच रडले. इतकी वर्षं मला वाटायचं माझ्यातच खोट आहे, जिभेवर ताबा नाही.

ऑपरेशनचं डोक्यात घातलं ते आमच्या ह्यांनी. कारखान्याच्या ऑफिसात कुणीतरी बोललं असणार, घरी येऊन म्हणाले, "अगं गडकरींनी केलंय की, 2011 ला, बघ कसे दौरे करतात." सासूबाईंनी लगेच दुसरं टोक धरलं, "आणि ती इजिप्तची बाई? विमानातनं आणलेली? गेली ना ती?" 2017 मधे मुंबईत आणलेल्या ईमानची बातमी त्यांनी टीव्हीवर रोज बघितलेली. तिचं वजन 500 किलोच्या आसपास सांगायचे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, मुंबईत ऑपरेशन होऊन मग अबुधाबीला नेली आणि तिथे सप्टेंबरमधे गेली. तिची केस आणि माझी केस एक नव्हे हे सासूबाईंना पटवायला दोन महिने गेले. "देवानं दिलेलं पोट कापतात होय गं?" हे शेवटपर्यंत होतंच.

पुण्याला गेलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 50 निघाला. जगात 30 च्या पुढे लठ्ठ म्हणतात, आपल्याकडे 25 लाच म्हणतात, कारण आपल्या लोकांत चरबी पोटात साठते आणि शुगर लवकर लागते. मी म्हटलं म्हणजे मी दुप्पट लठ्ठ, डॉक्टर म्हणाले असा हिशोब नसतो.

दोन पर्याय होते. बायपासमधे पोटाची अगदी छोटी थैली करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, मधला भाग वगळतात, शुगरसाठी तो चांगला. पण माझं हिमोग्लोबिन 9.6, आणि बायपासमधे जो भाग वगळतात तिथेच लोह जास्त शोषलं जातं, म्हणून माझ्यासाठी स्लीव्ह. ज्यांना मुळातच ॲसिडिटीचा, घशाशी येण्याचा फार त्रास आहे त्यांना सहसा स्लीव्ह नको म्हणतात कारण तो त्रास वाढू शकतो. माझ्या एंडोस्कोपीत तसं काही नव्हतं, फक्त एच पायलोरी नावाचा जंतू सापडला, त्याच्या चौदा दिवस मूठ मूठ गोळ्या, तोंडाला सतत लोखंडाची चव.

तपासण्यांची जत्राच असते. रक्त, सोनोग्राफी, टूडी इको, फुप्फुसाची फुंकर. झोपेची तपासणी तर काय सांगू, डोक्याला-छातीला वायरी लावून झोपवतात, माझा श्वास तासाला 46 वेळा अडखळत होता. घरात सगळे "आई घोरते" म्हणून हसायचे आणि मी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे, एकदा सुई बोटावर आली होती, ते सगळं ह्यामुळे. ऑपरेशनआधी महिनाभर रात्री मास्कचं मशीन लावून झोपायला लागलं. पहिल्याच आठवड्यात सकाळी डोकं इतकं हलकं की मला वाटलं आता ऑपरेशन कशाला करायचं.

मानसोपचारवाल्या मॅडमकडेही पाठवतात. मला राग आला होता, मी काय वेडी आहे का. त्यांनी एकच विचारलं, "दिवसभरात सगळ्यात छान कधी वाटतं?" मी न विचार करता म्हटलं, रात्री मशीन बंद करून शटर अर्धं ओढलं की भडंगाचं पाकीट फोडते तेव्हा. सांगलीची माणसं आम्ही, भडंग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाव किलोचं पाकीट, वर कच्चा कांदा, कुणी बघत नाही, कुणी हाक मारत नाही. मॅडमनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पोट लहान होईल, पण ती वेळ तशीच राहणार, तेव्हा काय करणार ते आत्ता ठरवा." तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं.

इन्शुरन्सचं मोठं रामायण. पॉलिसी आमची 2016 पासून, पण कंपनीने पहिल्यांदा सरळ नकार दिला, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून. सौंदर्य! पुण्याच्या बिलिंगवाल्या मुलीने सांगितलं की पॉलिसीतलं कलम काढून वाचा. विमा नियामकाने 2019 मधे कलमं एकसारखी करून दिलीत, त्यात लिहिलंय की डॉक्टरांचा सल्ला पाहिजे, वय 18 किंवा जास्त पाहिजे, आणि बीएमआय 40 किंवा जास्त, नाहीतर 35 किंवा जास्त असून हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडखळणं, ताब्यात न येणारी शुगर असं काही पाहिजे आणि आधीचे साधे उपाय फसलेले पाहिजेत. मग डॉक्टरांचं पत्र, झोपेचा रिपोर्ट, जुन्या डाएटच्या वह्यासुद्धा जोडल्या. पॅकेज 3 लाख 85 हजारांचं, आधी आम्ही भरलं, सोन्याची पाटली मोडून, आणि सहा महिने चकरा मारल्यावर कंपनीने 2 लाख 70 हजार दिले. तुमचं ठरत असेल तर आधी कलम वाचा, मग तारीख घ्या, आम्ही उलटं केलं.

ऑपरेशन 18 जानेवारी 2023 ला. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ, म्हणजे प्रोटीन पावडर, ताक, गाळलेलं सूप. लिव्हर चरबीने फुगलेलं असतं आणि ते नेमकं पोटावर पसरलेलं असतं, ते आकसलं की डॉक्टरांना पोट दिसतं. कारण पटलं हो, पण दिवस बघा कुठले, भोगी आणि संक्रांत! बाजरीची भाकरी, तिळाची, वर लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळ्या, सगळं मीच केलं आणि सगळ्यांना वाढलं आणि फ्रीजला टेकून ताक प्यायले. लेकीने ताट माझ्यासमोरून उचलून खोलीत नेऊन खाल्लं, मला बघवेना म्हणाली. पाच किलो त्यातच उतरले.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, भूल देणारे डॉक्टर "सांगलीला हळद कशी क्विंटल?" विचारत होते आणि एकदम "झालं हं ताई, डोळे उघडा." पोटाला पाच भोकं. पोटापेक्षा दुखत होता डावा खांदा, मला वाटलं कटिंगच्या टेबलावर वाकून दुखतोय तोच, पण ते पोट फुगवायला भरलेल्या गॅसचं असतं, आत छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतो आणि कळ खांद्यात येते. त्यावर उपाय चालणे. संध्याकाळीच उठवून चालवलं, पायात घट्ट मोजे, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन, आणि ते तीन चेंडूंचं फुंकायचं, खरं म्हणजे ओढायचं, खेळणं. शेजारच्या खोलीतल्या आजोबांचे तिन्ही चेंडू वर जायचे, माझे दोनच, मी इरेला पेटले होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बायका म्हणतात कसं बघवलं तुला, पण मला तर हलवेना तिथून. ओव्हरलॉक मशीन माहितीये ना, कडा कापत कापतच शिवत जातं, अगदी तसं. आत आधी तोंडातून बारा मिलिमीटरची एक नळी सोडतात, ती म्हणजे फर्मा समजा, तिला धरून एक लांब चिमट्यासारखा स्टेपलर लावतात, दाबला की दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या तीन-तीन ओळी आणि मधून पातं सरकतं. कापलं आणि शिवलं, एका दमात. मग पुढचं कार्ट्रिज, मग पुढचं. तीन चतुर्थांशाहून जास्त पोट बाहेर, भूक लावणारं घ्रेलिन जिथे सगळ्यात जास्त तयार होतं तो वरचा फुगीर भागही त्यातच गेला. दीडेक लिटरची पिशवी होती तिथे शंभर-दीडशे मिलीची नळी उरली. मी विचारलं, "मार्जिन किती ठेवलं?" डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला असिस्टंट घेतो." शंभरात एक-दोघांना शिवणीतून गळतं आणि ते गंभीर असतं, हे त्यांनी सही घेताना सांगितलं होतं, तेव्हा मी फार मनावर घेतलं नव्हतं. शिवण बघितल्यावर मात्र पोटात गोळा आला, कारण शिवण कुठे उसवते ते मला माहीत आहे, नेहमी टोकाला.

घरी आल्यावर खरी नोकरी सुरू झाली. खोकल्याच्या औषधाचं टोपण घ्या, 30 मिलीचं. ते एक टोपण पाणी पंधरा-वीस मिनिटांत घोट घोट करत संपवायचं आणि दिवसभरात दीड लिटर गेलं पाहिजे. म्हणजे 50 टोपणं. मोबाईलवर टायमर लावून बसायचे. एक मोठा घोट चुकून गेला की छातीत असं अडकायचं की वाटायचं कुणी मुठीत धरून पिळतंय. पहिल्या आठवड्यात नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी, मग दूध-ताक-सूप. प्रोटीनची पावडर मला वासानेच नको व्हायची, शेवटी सासूबाईंनी हुलग्याचं माडगं करून गाळून दिलं, पातळ, जिरं-लसूण घालून, ते मात्र जिवात जीव आणणारं होतं. पोट कापायला विरोध करणारी बाई रोज सकाळी हुलगे भाजत होती, भांडण तसंच चालू ठेवून.

तिसऱ्या आठवड्यात वजन एकदम थांबलं. रोज काटा 109, 109, 109. मी पुण्याला फोन केला, माझं ऑपरेशन फेल गेलं म्हणून. डाएटिशियन मॅडम हसल्या, म्हणाल्या दिवसातला हा चौथा फोन, बहुतेकांचं तिसऱ्या आठवड्यात थांबतं, काटा माळ्यावर टाका.

मग कुस्करलेलं, मग मऊ, दोन महिन्यांनी आपलं जेवण. नियम तसे चारच. आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, पनीर, उसळ, मासा, दिवसाला 60-70 ग्रॅम, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. घास बारीक आणि भरपूर चावून. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. ऐकायला सोपं आहे, पण आम्ही तांब्या-भांडं घेतल्याशिवाय पानावर न बसणारी माणसं, रस्सा लागला की हात आपोआप तांब्याकडे जातो. चपाती मला सात महिने गेली नाही, भाकरी जायची, कुस्करून. भात फुगतो. पाचव्या महिन्यात एका रात्री शटर ओढलं आणि हात भडंगाकडे गेला, मूठभर फक्त. पाचव्या मिनिटाला तोंडात पाणी सुटायला लागलं, फेस यायला लागला, नुसता पांढरा फेस, बादलीशी बसून अर्धा तास. तेव्हा त्या मॅडमचं पुस्तकी वाक्य आठवलं. भूक नव्हतीच मला, अजिबात नव्हती, फक्त ती वेळ झाली होती. आता त्या वेळेला मी बॉबिन भरून ठेवते, दुसऱ्या दिवसासाठी, रंगवार. कंटाळवाणं आहे, पण हात गुंतलेला राहतो.

शुगरचं मात्र नवल वाटतं. दवाखान्यातून निघतानाच तीनातल्या दोन गोळ्या बंद, तिसरी पुढे वर्षाने. तीन महिन्यांची सरासरी 8.9 होती ती सहा महिन्यांत 5.9. शुगर गेली म्हणायचं नाही, शांत झालीये म्हणायचं, असं डॉक्टर बजावतात, म्हणून तपासत राहते. झोपेचं मशीन सहाव्या महिन्यात परत तपासणी करून काढलं.

केसांचं कुणी सांगितलं तरी मनाची तयारी होत नाही. चौथ्या महिन्यात मूठ मूठ जायला लागले, मशीनच्या चाकाला गुंडाळलेले निघायचे, एका ब्लाउजच्या अस्तराच्या शिवणीत माझा लांब केस शिवला गेला आणि त्या बाईंनी तो माझ्यासमोर चिमटीत धरून ओढून काढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून डोक्याला रुमाल. आठव्या-नवव्या महिन्यात आपोआप थांबलं, नवीन आले, पण पूर्वीइतके दाट नाहीत.

माझी स्वतःची चूक सांगते, ही वाचा नीट. वर्ष झालं, 82 वर आले, लोक ओळखेनात, आणि मी शहाणी झाले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद. म्हटलं खातोय की सगळं, कशाला पैसे घालवा. सहा-सात महिने काही झालं नाही. मग पायांना मुंग्या, मग बोटांना. एक दिवस हूक लावताना गिऱ्हाईक ओरडलं, "अहो वहिनी, रक्त!" सुई माझ्या बोटात अर्धी गेली होती, पांढऱ्या अस्तरावर ठिपके, आणि मला कळलंच नव्हतं. शिंपिणीच्या बोटाला सुई कळू नये म्हणजे काय ते मी कसं सांगू. बी12 जीवनसत्त्व तपासलं तर 138, म्हणजे फारच कमी. पोटाचा जो भाग कापला त्यात बी12 पचवायला लागणारा रस तयार होतो, वर शुगरच्या गोळीनेही ते कमी होतं, आणि मी शाकाहारी नसले तरी मटण आता खातेच किती, दोन तुकडे. इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. बोटं परत आली, डाव्या अंगठ्याचं टोक अजून थोडं बधिर आहे.

लोकांचं काय, ते दोन्हीकडून बोलतात. आधी "किती सुटलीये", आता "किती उतरलीस गं, चेहऱ्यावरचं तेज गेलं." एका लग्नात माझ्या लांबच्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिने शॉर्टकट मारला." माझ्या ताटात तेव्हा अर्धी पुरणपोळी होती, त्यातले तीन घास खाल्ले होते आणि चौथा जाणार नव्हता, वाढणारा मुलगा आग्रहाने तूप घेऊन उभा. मी त्यांना म्हटलं, या दुकानात, 50 टोपणं मोजून देते. ताटात टाकायचं पाप लागू नये म्हणून सासूबाईंनी गुपचूप माझी उरलेली पोळी स्वतःच्या पानात ओढली. आता प्रत्येक पंगतीला त्या माझ्या शेजारीच बसतात.

हल्ली सगळ्या विचारतात वजन उतरवायचं इंजेक्शन का नाही घेतलंस. अहो माझ्या वेळी ती अशी बाजारात नव्हती, टिरझेपटाइड नावाचं तर आपल्याकडे 2025 च्या मार्चमधे आलंय. चांगली असतील, भूक त्यांनीही मरते, पण सोडली की बहुतेकांचं वजन परत चढतं, आणि महिन्याचा खर्च तुम्हीच जोडून बघा. आधी असती तर मी ते करून बघितलं असतं का? बहुतेक हो. आता ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

सध्या 85 आहे. 82 वरून तीन वाढले, डॉक्टर म्हणाले थोडं वाढतंच. तक्त्याप्रमाणे मी अजून लठ्ठच आहे, बीएमआय 35. पोटाची कातडी लोंबते, दंडाची पण, तिचं वेगळं ऑपरेशन असतं, मी नाही करणार, बाहीत झाकतं, आणि बाही कशी कापायची ते मला येतं. सीट 46. माझे जुने ब्लाउज फेकले नाहीत, पाच उसवून तेच परत बेतले, एकात मार्जिन इतकं निघालं की उरलेल्या तुकड्यांतून लेकीची पर्स झाली.

शनिवारी बी12 चं इंजेक्शन आहे आणि त्याच्या आधी चौदा ब्लाउज द्यायचेत, त्यातले सहा कटोरी. विचारायचं असेल तर दुपारी तीननंतर या, सकाळी माझी पाण्याची वेळ असते.